होक्काइदो : वरून खाली उतरणारी पानगळ

जपानची पानगळ म्हटलं की क्योतो डोळ्यांसमोर येतं आणि नोव्हेंबर महिना येतो. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर तोवर रंगांचा खेळ आटोपलेला असतो. तिथे झाडं सप्टेंबरच्या मध्यालाच लाल व्हायला लागतात, तीही दाइसेत्सुझान डोंगररांगेच्या माथ्यावर. मग रंग उतारावरून हळूहळू खाली सरकत ऑक्टोबरअखेर सापोरोच्या रस्त्यांवर पोहोचतो. त्यामुळे "होक्काइदोला पानगळ कधी असते?" या प्रश्नाला एक तारीख सांगता येत नाही. त्या तारखेला रंग किती उंचीवर असेल, हे बघायचं. आम्ही सगळी आखणी याच हिशोबाने केली. २८ सप्टेंबरला बेटाच्या मधोमध असाहिकावाला उतरायचं, उंच डोंगर आधी उरकायचे, मग पूर्वेकडे दऱ्या, तळी, समुद्रकिनारा असं करत १० ऑक्टोबरला कुशिरोहून परत. सापोरो, ओतारू, हाकोदाते ही नेहमीची नावं यादीतून सरळ काढून टाकली.

बेट म्हटलं की लहान वाटतं. होक्काइदोचं क्षेत्रफळ ८३ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. लोकसंख्या मात्र पन्नास लाखांच्या आसपास. (२०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याचीच ९४ लाख भरली होती.) पूर्व भागात रेल्वे तुरळक आणि बसही दिवसातून मोजक्याच, त्यामुळे गाडी भाड्याने घेतली. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला की झालं. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असल्याने निनादला हात बसायला वेळ लागला नाही.

तिघे होतो. मी, निनाद आणि माझ्या सासूबाई. आई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, सत्तरीला आलेल्या. गुडघे अजून शाबूत आहेत आणि माशाच्या बाबतीत त्या कुणाचंही ऐकत नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

असाहिकावा आणि असाहिदाके, २८ ते ३० सप्टेंबर

असाहिकावात जानेवारी १९०२ मध्ये पारा उणे ४१ अंशांवर गेला होता. जपानच्या अधिकृत नोंदींतलं ते आजही सर्वांत कमी तापमान आहे. आम्ही उतरलो तेव्हा सोळा-सतरा अंश होते, छान ऊन होतं, तरी आई शाल-कानटोपीसह संपूर्ण जामानिम्यात विमानतळाबाहेर पडल्या. रात्री इथलं प्रसिद्ध रामेन खाल्लं. सोया सॉसच्या रश्श्यावर चरबीचा पातळ थर असतो, त्यामुळे थंडीतही ते शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतं. चरबी डुकराची म्हटल्यावर आईंनी वाटी दोन बोटांनी आमच्याकडे सरकवली आणि दुकानातून आणलेल्या सॅमन भरलेल्या भाताच्या ओनिगिरीवर रात्र काढली.

असाहिदाके हा दाइसेत्सुझानमधला, २२९१ मीटरचा, होक्काइदोतला सर्वांत उंच डोंगर. पायथ्याच्या ११०० मीटरवरून रोपवे दहा मिनिटांत १६०० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून सुगातामी तळ्याला वळसा घालणारी १.७ किलोमीटरची सोपी वाट आहे. आम्ही गेलो त्या दिवशी वर काहीच नव्हतं. पाऊस, वारा आणि धुकं इतकं की पुढे चालणाऱ्या निनादचा निळा रेनकोट दिसेनासा व्हायचा. अर्ध्या वाटेवरून परतलो. आमच्या छोट्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी ओले बूट काढताना बघितलं आणि त्यांच्यात कागदाचे बोळे कोंबत फोनवर भाषांतर करून दाखवलं, "उद्या सकाळी पहिल्या फेरीने जा. रात्री वर बर्फ पडेल."

बर्फ पडला. सकाळी आभाळ धुऊन निघालेलं होतं आणि माथा पांढरा झाला होता. त्याखाली राखाडी उतार, आणि पायाशी चिंगुरुमा नावाच्या घोट्याएवढ्या झुडपांचा गडद लाल गालिचा. मधूनमधून जमिनीलगत सरपटणाऱ्या पाइनचे हिरवे पट्टे. झाडं इथे उंच वाढतच नाहीत. ४३ अंश अक्षांशावर सोळाशे मीटर ही वृक्षरेषेची उंची आहे. डोंगराच्या कुशीतून गंधकाच्या वाफेचे झोत बाहेर पडत असतात आणि कुकरची शिट्टी अडकल्यासारखा त्यांचा आवाज सतत येत राहतो.

तळ्यापलीकडे दगडांच्या राशीसमोर एक निवृत्त गृहस्थ भलीमोठी लेन्स लावून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला खाली बसवलं. एक तीक्ष्ण चिवचिव ऐकू आली आणि दोन दगडांमधून मुठीएवढा, बिनशेपटीचा, गोल कानांचा प्राणी बाहेर आला. तोंडात गवताची आडवी काडी. हा नाकिउसागी, म्हणजे पायका. हिमयुगात आशिया खंडातून इकडे आला आणि हवामान गरम झाल्यावर या थंड दगडी उतारांवरच उरला. तो हिवाळ्यात झोपत नाही, त्यामुळे शरदात गवत तोडून दगडांखाली साठवून ठेवतो. आमच्यासमोर तो तोच उद्योग करत होता. काडी ठेवायची, पुन्हा यायचं, पुन्हा एक काडी. त्या गृहस्थांनी उठताना आम्हा तिघांना एकेक आल्याची गोळी दिली आणि पुन्हा लेन्सला डोळा लावला.

दाइसेत्सुझानसाठी एक दिवस जादाचा ठेवाच. रोपवे वाऱ्याने बंद राहू शकतो आणि वर दिसतं की नाही हे सर्वस्वी धुक्याच्या मर्जीवर. सप्टेंबरअखेर जात असाल तर हातमोजे आणि वाराबंद जाकीट पाहिजे. निव्वळ लाल रंगासाठी जायचं असेल तर १५ ते २५ सप्टेंबर जास्त बरे. आम्हाला बर्फ मिळाला, पण उंचावरच्या नानाकामादो झाडांची पानं बरीचशी गळून गेली होती.

सोउन्क्यो, १ ऑक्टोबर

असाहिदाकेहून इथला रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. सोउन्क्यो ही इशिकारी नदीने कोरलेली दरी. तीसेक हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेचा दगड झाला, थंड होताना त्याला उभ्या भेगा गेल्या आणि आता दोन्ही बाजूंना खांबांच्या भिंती उभ्या आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर खांबांचा हा प्रकार नवीन वाटणार नाही. तिथला दगड बेसॉल्ट, इथला राखेचा, आणि इथे खांबांच्या फटीफटींतून पिवळे बर्च नि लाल मेपल उगवलेले. रंगाची रेषा त्या दिवशी नेमकी इथे, सहाशे ते तेराशे मीटरच्या पट्ट्यात होती. इथल्या कुरोदाके डोंगराच्या रोपवेतून खाली बघताना आई काही बोलल्या नाहीत. वर पोहोचल्यावर उघड्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये मात्र डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेतलं, ते उतरेपर्यंत.

गिंगा आणि र्‍यूसेइ हे दोन धबधबे गाडीतळाच्या समोरच आहेत, पण वीस मिनिटं चढून गेलं की दोन्ही एका नजरेत येतात. ही चढण टाळू नका.

नोतोरो सरोवर आणि पुढे, २ ऑक्टोबर

दिवस बहुतेक गाडीत गेला. सेकिहोकु घाट ओलांडून आबाशिरीजवळ नोतोरो सरोवराशी थांबलो. इथल्या खाऱ्या दलदलीत सांगोसो नावाची वनस्पती सप्टेंबरमध्ये लालभडक होते. ऑक्टोबर लागला होता, त्यामुळे रंग तपकिरीकडे झुकलेला. ज्यांना सांगोसो भर रंगात बघायचा आहे त्यांनी उलट क्रम लावून आधी किनाऱ्याला यावं. 

गाडी चालवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवून मगच पुढे जायचं, हा कायदा आहे. खेड्यांतले पेट्रोलपंप संध्याकाळी लवकर बंद होतात, टाकी अर्धी झाली की भरायची. गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये जागेचा फोन नंबर टाकला की ती बरोबर नेते, नाव टाइप करत बसू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, अंधार. पूर्व होक्काइदोत ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य पाचच्या आसपासच मावळतो. त्यानंतर हरणं रस्त्यावर येतात. ही चांगली धिप्पाड असतात आणि एकामागून एक उड्या मारतात, त्यामुळे पहिलं गेलं म्हणून पुढे निघायचं नाही. आम्ही सकाळी सहाला निघून चारला मुक्कामी, असा दिनक्रम ठेवला.

उतोरो आणि शिरेतोको, ३ आणि ४ ऑक्टोबर

शिरेतोको हे ईशान्येचं टोक, २००५ पासून जागतिक वारसा स्थळ. समुद्र हिवाळ्यात बर्फाने भरतो, त्या बर्फाखाली वाढणाऱ्या शेवाळावर सूक्ष्म जीव, त्यांच्यावर मासे, माशांवर अस्वलं आणि गरुड, आणि त्यांनी जंगलात नेऊन टाकलेल्या माशांवर झाडं. ही साखळी अखंड आहे म्हणून हा दर्जा मिळाला.

पाच तळ्यांकडे सकाळी पोहोचलो तर जमिनीवरची वाट बंद. त्याच दिवशी पहाटे तिथे अस्वल दिसलं होतं. उंच लाकडी पूल मात्र उघडा होता, आठशे मीटर लांब, खालून विजेच्या तारा लावलेला, विनामूल्य. तो पहिल्या तळ्यापर्यंत जातो आणि समोर साधारण १६६० मीटरचा राउसुदाके पाण्यात उलटा दिसतो. जमिनीवरच्या वाटेसाठी हंगामानुसार नियम आहेत. मेच्या १० तारखेपासून जुलैअखेर परवानाधारक वाटाड्या घ्यावाच लागतो. ऑगस्टपासून शुल्क भरून छोटी माहितीफीत आणि व्याख्यान ऐकून स्वतःचं जाता येतं. अस्वल आलं की वाट बंद, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. आम्हाला दुसऱ्या दिवशी तीन किलोमीटरचा मोठा फेरा करता आला. ओक आणि बर्चचं जंगल, पायाखाली पानं, आणि आईंच्या पिशवीला बांधलेली अस्वलासाठीची घंटी. ती ऐकून समोरून येणारे जपानी आजी-आजोबा वाकून नमस्कार करायचे. आई प्रत्येकाला उलट नमस्कार करत असल्याने फेऱ्याला दुप्पट वेळ लागला.

अस्वल दिसलं ते इवाओबेत्सु नदीच्या पुलाजवळ, गाडीतून. मादी आणि पिल्लू, गुडघाभर पाण्यात. पिल्लाच्या तोंडात मासा होता आणि तो त्याच्या डोक्यापेक्षा मोठा होता. इथे गाडी थांबवू नका, उतरू नका, अशा पाट्या आहेत. पूर्वी छायाचित्रकार नदीकाठी गर्दी करायचे, अस्वलांना माणसाची भीती उरेना, आणि निर्ढावलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते. निनादने वेग कमी केला, थांबला नाही. सगळा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. फोटो कुणाकडेच नाही.

शिरेतोको नेचर सेंटरमध्ये थांबून इथल्या जमिनीची गोष्ट वाचा असं मी सांगेन. या भागात वसाहतवाल्यांनी जंगल तोडून शेती केली, थंडीपुढे ती टिकली नाही आणि माणसं निघून गेली. रिकाम्या जमिनी बांधकामवाल्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून शारी गावाने १९७७ मध्ये देशभरातल्या लोकांना आवाहन केलं की शंभर चौरस मीटरमागे ८००० येन द्या, आम्ही जमीन विकत घेऊन पुन्हा जंगल लावतो. पैसे जमले, जमिनी घेतल्या गेल्या, झाडं लावणं अजून चालू आहे. रस्त्याकडेला कुंपण घातलेली कोवळ्या झाडांची रांग दिसते ती हीच. कुंपण हरणांपासून वाचवायला.

आता ओन्सेन. उतोरोच्या हॉटेलात समुद्राकडे तोंड केलेलं गरम पाण्याचं कुंड होतं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत अंगावर धागाही ठेवायचा नाही. "तू जा हो, मी खोलीतच न्हाईन," असं आईंनी पहिल्या रात्री जाहीर केलं. दुसऱ्या दिवशीच्या तीन किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागले, तेव्हा आल्या. दारातच घुटमळल्या. आत ऐंशीच्या घरातल्या एक आजी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासत होत्या. त्यांनी शेजारचं स्टूल विसळलं, त्यावर थापटी मारली आणि आईंना बसवलं. पाणी हाताच्या मागच्या बाजूवर घेऊन बेताचं केलं, पाठ चोळून दिली, लाकडी बादलीने पाणी ओतलं, छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवायला शिकवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी सतत बोलत होत्या, एक जपानीत, एक मालवणीत. खोलीत आल्यावर आई म्हणाल्या, "गो, बाळंतपणानंतर माका कोणी असा न्हाणयल्यान नाय."

(कुंडात उतरण्याआधी साबणाने स्वच्छ अंघोळ, केस वर बांधलेले, टॉवेल पाण्याबाहेर. एवढं पाळलं की कुणी काही म्हणत नाही. अंगावर गोंदण असेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.)

राउसु, शिबेत्सु, नोत्सुके, ५ ऑक्टोबर

७३८ मीटरची शिरेतोको खिंड ओलांडून पलीकडे राउसु. नोव्हेंबरमध्ये हा रस्ता बंद होतो तो एप्रिलअखेर उघडतो. खिंडीतून समुद्रापलीकडे कुनाशिरी बेट स्वच्छ दिसतं. १९४५ पासून ते रशियाच्या ताब्यात आहे आणि जपान अजूनही आपलं म्हणतो. राउसुच्या किनाऱ्यावरून ते इतकं जवळ आहे की तिथले डोंगर मोजता येतात.

राउसुला दुपारी होक्के खाल्ला, पोटातून चिरून उघडलेला, भाजलेला, ताटाबाहेर जाणारा मासा. आईंनी काट्यांचा ढीग व्यवस्थित कडेला रचत निकाल दिला, "बांगड्याची सर नाही. पण भाजलाय चांगला." माझ्या मते होक्के बांगड्याला भारी आहे, पण हे मी इथेच लिहितेय.

शिबेत्सुचं सॅमन संग्रहालय चुकवू नका, निदान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तरी. नदीला जोडलेला एक कालवा काचेच्या भिंतीमागून जातो आणि समुद्रातून परतणारे सॅमन अगदी नाकासमोरून वर पोहताना दिसतात. फोटोतल्या चकचकीत माशांशी यांचा काही संबंध नाही. शेपट्या झिजून पांढऱ्या पडलेल्या, पाठीवर जखमा, नरांचे जबडे आकड्यासारखे वाकलेले. नदीत शिरल्यावर ते खाणं बंद करतात. अंगातली चरबी जाळत वर जायचं, अंडी घालायची आणि मरायचं. "एवढो मासो आणि कोण धरणा नाय?" आईंचा पहिला प्रश्न. जपानमध्ये गोड्या पाण्यात शिरलेला सॅमन पकडायला कायद्याने बंदी आहे. अंड्यांसाठी बंधारा घालून अडवतात ते अधिकृत केंद्रवाले. आईंना हे लगेच पटलं. त्यांच्याकडेही पावसात दर्या बंद असतो तो नारळी पौर्णिमेपर्यंत. शिवाय असा अंडी घालायला निघालेला मासा चवीला राहत नाही, हेही त्यांनी काचेला नाक लावून सांगून टाकलं, आणि ते खरं आहे. खायचा सॅमन समुद्रातच धरलेला असतो.

संध्याकाळच्या आत नोत्सुकेला धावती भेट. समुद्रात शिरलेली ही वाळूची जीभ २६ किलोमीटर लांब आहे, जपानमधली सर्वांत मोठी. दोन्ही बाजूंना पाणी, मधे गवत, गवतात हरणं. वारा मात्र उभं राहू देत नाही.

कावायु आणि माशू, ६ ऑक्टोबर

माशू सरोवर ज्वालामुखीच्या खळग्यात आहे. त्यात एकही नदी येत नाही, एकही बाहेर जात नाही. १९३१ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाहिली तेव्हा ती ४१.६ मीटर खोलीपर्यंत दिसत होती. काठाशी उतरायला परवानगी नाही, वरच्या सज्जांवरूनच बघायचं. ते धुक्यासाठी बदनाम आहे, पण ते धुकं मुख्यतः उन्हाळ्यातलं. आम्हाला गर्द निळं पाणी आणि काठाने पिवळे पडलेले बर्च असं पूर्ण दिसलं. पहिल्या सज्जावर बस थांबतात, तिसऱ्यावर शांतता असते.

शेजारचा इओझान हा पिवळ्या गंधकाने माखलेला, धुमसता, उघडाबोडका डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या गंधकाच्या खाणीत कैद्यांना राबवलं होतं आणि त्यातले बरेच जण मेले, हे ती वाफेवर उकडलेली अंडी विकत घेताना आठवत राहतं. खाली कावायुचं गरम पाणी इतकं आम्लधर्मी आहे की त्यात टाकलेला लोखंडी खिळा काही दिवसांत विरघळून जातो. डोळ्यांत गेलं तर कळतं. चांदीचे दागिने काढून ठेवा. मी जोडवी काढून डब्यात ठेवली तेव्हा आईंनी फक्त एकदा बघितलं, म्हणाल्या काही नाहीत.

खाण्याबद्दल इथेच लिहून टाकते. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, शाकाहाऱ्यांची परीक्षा. भाजीच्या रश्श्यातही दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो, सांगूनही कळत नाही. पण होक्काइदो हे जपानचं शेत आहे. भाजलेला मका, लोणी घातलेला उकडलेला बटाटा, बटाट्याच्या पिठाची इमोमोची, भोपळा, दूध, आइस्क्रीम, सगळं अव्वल. हमरस्त्यालगतच्या मिची-नो-एकी थांब्यांवर हे हमखास मिळतं. सेइकोमार्ट ही इथली स्थानिक दुकानसाखळी खेड्यापाड्यांत आहे आणि बऱ्याच दुकानांत गरम जेवण तिथेच बनवतात. थेपले, मेतकूट, लोणचं आम्ही नेलं होतं. त्यातलं मेतकूट तिथल्या गरम भातावर असं काही जमलं की ते पहिल्या आठवड्यातच संपलं.

अकान आणि ओन्नेतो, ७ आणि ८ ऑक्टोबर

रंगाची रेषा आम्हाला इथे पुन्हा भेटली. ओन्नेतो तळं साधारण सहाशे मीटरवर आहे, मागे मेआकान ज्वालामुखी, भोवती सूचिपर्णी झाडांचं काळपट हिरवं जंगल आणि त्यात पिवळ्या-केशरी झाडांच्या उभ्या रेघा. पाणी ढग सरकला की निळ्याचं हिरवं होतं. सकाळी आठच्या आत वारा नसतो, तेव्हा जा.

अकान सरोवर मारिमोसाठी प्रसिद्ध आहे. हे शेवाळाचे हिरवे गोळे आहेत, लाटांनी तळाशी सतत लोळत राहिल्यामुळे गोल झालेले. १९५२ पासून ते विशेष संरक्षित आहेत. पूर्वी लोकांनी आठवण म्हणून पळवले, मग ते परत करा असं आवाहन झालं आणि त्यातून १९५० मध्ये मारिमो उत्सव सुरू झाला. तो दरवर्षी ८ ते १० ऑक्टोबरला आयनू लोकांच्या पुढाकाराने होतो. आयनू हे या बेटाचे मूळ रहिवासी. कायद्याने त्यांना तसं म्हणायला जपानला २०१९ उजाडावं लागलं. ८ तारखेच्या रात्री मशालींची मिरवणूक बघितली, पण मला जास्त लक्षात राहिली ती त्याआधीची दुपार.

काठावरच्या आयनू वस्तीत लाकूडकाम आणि भरतकामाची दुकानं आहेत. एका दुकानात निळ्या कापडावर पांढऱ्या पट्ट्यांची वळणदार नक्षी शिवलेली होती. आईंनी ती हातात घेतली आणि सरळ उलटी केली. गोधडी बघताना त्या असंच करतात, मागचा टाका स्वच्छ असेल तर बाई हाताची चांगली. दुकानदारीण मोठ्याने हसली. तिच्या आजीचीही हीच सवय होती म्हणे. मग तिने आतून आजीने शिवलेला जुना तुकडा आणला, तोही उलटा करून दाखवला. आम्ही घेतलं ते एक लहानसं टेबलावरचं कापड, पण तासभर गेला.

बाहेर पडलो तर हवेत कापसाचे कण तरंगत होते. एक माझ्या बाहीवर बसला आणि चालायला लागला. युकिमुशी, पांढरा मेणचट कापूस अंगावर बाळगणारा मावा. हे उडायला लागले की आठ-दहा दिवसांत पहिलं बर्फ, असं इथे सगळे मानतात. मुक्कामाच्या मालकांनी आमच्या बाहीकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीची हिवाळी टायरं बाहेर काढताना दिसले.

कुशिरो, ९ आणि १० ऑक्टोबर

कुशिरोची दलदल ही जपानमधली सर्वांत मोठी पाणथळ जागा. १९८० मध्ये जपानमधली पहिली रामसर जागा (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची), १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान. लाल रंगाची अपेक्षा ठेवू नका. होसोओकाच्या टेकडीवरून दिसतं ते सोनेरी बोरूचं मैदान आणि त्यात आळोखेपिळोखे देत गेलेली नदी. लाल टोपीचे तान्चो क्रौंच इथले. ते संपले असं धरून चालले होते, १९२४ मध्ये दलदलीत थोडे सापडले, गावकऱ्यांनी हिवाळ्यात मका घालून जगवले आणि आता हजाराच्या वर आहेत. त्सुरुइ गावाकडे कापलेल्या मक्याच्या शेतात आम्हाला एक जोडी आणि त्यांचं तपकिरी मानेचं पिल्लू दिसलं, रस्त्यापासून शंभर पावलांवर. मोठे थवे हवे असतील तर जानेवारी-फेब्रुवारी.

शेवटची सकाळ वाशो बाजारात. इथे कात्ते-दोन मिळतं. आधी गरम भाताची वाटी विकत घ्यायची, मग गाळ्यागाळ्यांवर फिरून हवा तो माशाचा तुकडा त्यावर ठेवत जायचं. आईंनी भात घेण्याआधी अख्खा बाजार पालथा घातला. एका गाळ्यावर सान्मा मासे बर्फात मांडले होते. आईंनी एकाचा कल्ला बोटाने उघडण्याची खूण केली. विक्रेता क्षणभर थबकला, मग त्यानेच मासा उचलून कल्ला उघडून दाखवला. लालभडक. "मासो ताजो आसा," आईंनी आम्हाला कळवलं, आणि इतके दिवस कच्च्या माशाला हात न लावणाऱ्या बाईंनी सॅमन आणि त्याची केशरी अंडी भातावर घेतली. अंडी तोंडात फुटल्यावर भुवया वर गेल्या. मग "मीठ जरा जास्त" म्हणत वाटी संपवली.

खर्चात मोठा वाटा गाडी, पेट्रोल आणि मुक्कामाचा. ऑक्टोबरमध्ये शिरेतोको आणि अकानची हॉटेलं शनिवारी लवकर भरतात, तेवढे दिवस आधी पक्के करून बाकी आखणी त्यांच्याभोवती लावा. कुशिरोहून तोक्योची विमानं आहेत, बाजार सकाळी लवकर उघडतो, त्यामुळे दुपारचं विमान असेल तर तो शेवटच्या दिवशी ठेवता येतो. रविवारी मात्र बहुतेक वेळा बंद असतो.